बंडीखालचं पिस्तूल

१८ ऑगस्ट २००७, शनिवार

नाटकात रोल मिळाला. मागितला नव्हता. पण प्रतिभा लपत नाही.

इथल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक. रहस्यमय, तीन अंकी. लेखक आणि दिग्दर्शक निशिकांत, बँकेत ऑडिटर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, संध्याकाळी बसून स्वतःच्या लिहितो.

मी रामा गडी. दोन अंक ट्रे घेऊन उभा. तिसऱ्या अंकात कळतं की हा गडी नाहीच, सीआयडी इन्स्पेक्टर आहे. बंडीखालून पिस्तूल काढतो आणि म्हणतो, कोणीही जागचं हलायचं नाही. ताई म्हणाली, एकच वाक्य आहे, नीट पाठ कर. ताईला नाटक कळत नाही. बाकीचे सगळे दोन तास बडबडतात ते माझ्या पिस्तुलाची वाट बघत.

पहिल्या रांगेत पद्मनाभ काका बसणार. मंडळाचे अध्यक्ष. बंदरावर, हार्बरफ्रंटला, शिपिंग कंपनीत मोठे साहेब. त्यांना एक माणूस हवाय, कागद घेऊन बोटीवर जायचं, सह्या घेऊन परत यायचं. ताईने माझं नाव घातलंय. काका म्हणाले म्हणे, जाईल खरा, पण परत येईल का? ताई म्हणते, तू डिप्लोमा सोडलास, गोव्याचं हॉटेल सोडलंस, नेपाळचं ते काय ते सोडलंस, आता हे एक शेवटपर्यंत करून दाखव, काका बघणार आहेत. सप्टेंबरअखेर माझा या देशातला व्हिजिट पास संपतो. नोकरी लागली तर इथे, नाहीतर परत कराड आणि बाबांचं तोंड.

सोडलं नाही. अनुभव घेतला. फरक आहे.

२१ ऑगस्ट, मंगळवार

लायब्ररीत बसून पिस्तुलांचा अभ्यास सुरू केला. वाक्य पाठ करायला गेलो होतो, पण वाक्य काय, चालताना होतं.

इंटरनेटवर अमेरिकन लोकांचा एक अड्डा सापडला. कपड्यांखाली लपवून बाळगायचं पिस्तूल कोणतं घ्यावं यावर तिथे रोज भांडणं. एक आजोबा तर दर वेळी तेच सांगतात: जाडी हाच शत्रू. लांबीचं काही नाही, ती विजारीत जाते. जाडी कपड्यावर उमटते आणि जगाला कळतं. म्हणून गोळ्या एकाच रांगेत बसतात ते चपटं पिस्तूल घ्यावं. मूठ आखूड, कडा गोल, म्हणजे काढताना कापडात अडकत नाही. घोड्यावर आवरण हवंच.

आयुष्यात पहिल्यांदा शिकण्यासारखं काही वाचलं. पॉलिटेक्निकमध्ये हे शिकवलं असतं तर आज मी इंजिनिअर असतो.

मग ऑक्टोपस स्वतःला फटीत कसा लपवतो त्याचा व्हिडिओ लागला. तिथेच संध्याकाळ झाली.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

प्रॅक्टिकल. पिस्तूल नाही, म्हणून घरातल्या वस्तू कमरेला लावून बघितल्या. स्टेपलर जाड. ताईचा मसाल्याचा डबा चौकोनी. दाजींचा टीव्हीचा रिमोट मात्र परफेक्ट. चपटा, गोल कडा. खोचला, वर बंडी घातली आणि हॉलमध्ये येऊन बसलो.

इंग्लंडविरुद्धची मॅच चालू होती. दाजींनी रिमोट शोधायला सुरुवात केली. सोफा उलटा केला. ताईवर ओरडले. मी शेजारी बसलेलो. कोणालाही संशय नाही. सिद्धांत सिद्ध.

मग मी जरा श्वास घेतला आणि सचिन जाऊन चिनी मालिका लागली. श्वास सोडला, स्वयंपाकाचा कार्यक्रम. दाजी म्हणाले टीव्ही बिघडला. उठून केबल काढली, परत लावली, टीव्हीला दोन चापट्या मारल्या. मला हसू यायला लागलं, त्यासरशी सगळे चॅनल फिरायला लागले.

दाजींनी माझ्या पोटाकडे बघितलं. ते संशोधक आहेत, युनिव्हर्सिटीत. उशिरा का होईना, लागला शोध.

नोंद: घोड्यावर आवरण हवंच. आजोबा बरोबर होते.

२६ ऑगस्ट, रविवार

तालमीला थोडा उशीर झाला. बसमध्ये विचार करत बसलो आणि क्लेमेंटीला, घराजवळच, परत आलो. पोचलो तेव्हा ट्रे दुसऱ्याच्या हातात होता. निशिकांतने काढून माझ्या हातात दिला आणि वहीत काहीतरी खरडलं. ऑडिटर लोक लिहून ठेवतात.

पिस्तुलाचा विषय काढला. कपडे, सामान आणि गणपतीची मूर्ती, तिन्ही विनीताकडे. (मंडळात काम करणारे तेच चार, बाकीचे फोटोत.) तिने सांगितलं, खऱ्यासारखं दिसणारं काहीही इथे चालत नाही, खेळण्यातलं असलं तरी. परवानगी लागते, आणि ती भानगड मंडळ करणार नाही. पुठ्ठ्याचं करून चंदेरी कागद लावते.

पुठ्ठ्याचं. चंदेरी. मी जत्रेतला पोलीस आहे का?

निशिकांत म्हणाला, कशाला हवंय, बंडीखालून बोट पुढे कर, लोक समजून घेतात. हा माणूस बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळतो. तिथेही बोटच दाखवत असणार.

२९ ऑगस्ट, बुधवार

बाजारात फिरलो. हिरवी पिस्तुलं, गुलाबी पिस्तुलं, पाण्याची, साबणाच्या फुग्यांची. एवढं मोठं पुढारलेलं शहर आणि एक काळं खेळणं मिळत नाही. कराडला दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलांनी हातगाड्या भरलेल्या असतात. पुढारलेलं कोण?

समोरच्या बाटम बेटावर फेरीबोटीने जाऊन आणावं असा विचार आला. हार्बरफ्रंटला गेलोही. फेरीबोटी बघत बसलो. वर काकांचं ऑफिस. काकांनी काचेतून बघितलं असेल तर म्हणतील, पोराला बोटींची ओढ आहे. चांगलं इम्प्रेशन.

आज तालीम होती हे घरी आल्यावर कळलं.

२ सप्टेंबर, रविवार

उपाय सापडला. इतका सोपा की इथल्या पीएचडीवाल्यांना सुचणं शक्य नव्हतं.

मंडळाची मूर्ती घरीच करतात, काकांच्या काँडोत, म्हणजे उंची सोसायटीत, खालच्या हॉलमध्ये. शाडूची माती काकांनी पेणहून स्वतःच्या सामानातून आणली. ही गोष्ट ते सगळ्यांना सांगतात. कस्टमवाल्याने पिशवी उघडायला लावली, विचारलं हे काय. काका म्हणाले, हा देव आहे, अजून व्हायचाय. आम्ही सगळे हसलो. दर वर्षी हसतात म्हणे.

मला मळायला बसवलं. मळता मळता लक्षात आलं, ही माती लोण्यासारखी आहे, हवा तो आकार घेते. मूर्ती संध्याकाळपर्यंत झाली. एक गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात बाजूला ठेवलेला होता. फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलाय म्हणजे अर्थातच नको असलेला. उरलेला. साफसफाई करताना मी तो उचलला. कोणीतरी टाकूनच दिला असता.

३ सप्टेंबर, सोमवार

पिस्तूल केलं. चपटं, आखूड मूठ, गोल कडा. आजोबांनी बघितलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. ताईच्या पोह्यांच्या डब्यामागे वाळत ठेवलंय.

६ सप्टेंबर, गुरुवार

काळा पोस्टर कलर. तीन हात. दुकानदाराने वॉटरप्रूफ घ्या म्हणून सांगितलं, त्यांना महागडं खपवायचंच असतं. नळीला बारीक तडा दिसतोय. खऱ्या वापरातल्या पिस्तुलाला असतातच.

विनीताचा मुद्दा मी विसरलेलो नाही. पण चंदेरी पुठ्ठा आणि मोठा गुन्हा यांच्या मध्ये कला नावाचा एक प्रांत असतो.

१५ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

प्रतिष्ठापना झाली. उकडीचे मोदक अकरा खाल्ले.

एक छोटा गोंधळ. गणपतीला उंदीर नव्हता. विनीताने सांगितलं, उंदराची माती तिने मुद्दाम फडक्यात गुंडाळून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी करायला. गेली. हॉलमध्ये दोन दिवस शोधली. इथे शाडू मिळत नाही. काका आरतीत सारखे पाटाच्या त्या कोपऱ्याकडे बघत होते. शेवटी उंदराच्या जागी सुपारी ठेवली.

लोक किती बारीक गोष्टी धरून बसतात. मीही शोधायला मदत केली. टेबलाखाली वाकून बघितलं.

१९ सप्टेंबर, बुधवार

रंगीत तालीम. पिस्तूल दाखवलं नाही. मोठे नट शेवटचं पान राखून ठेवतात. विनीताने चंदेरी पुठ्ठा दिला, तो वापरला. निशिकांत म्हणाला, छान दिसतंय. त्याला छान दिसणारच.

ताईने वाक्य म्हणून दाखवायला लावलं. मी 'जागेवरून कोणी हलू नये' म्हटलं. अर्थ तोच आहे.

२२ सप्टेंबर, शनिवार. दुपारी

आज. कमरेला लावून घरभर फिरलो. दाजींच्या पुढ्यातून तीनदा गेलो. काहीही उमटत नाही. आता सोमवारपर्यंत काकांचा फोन येईल. पहिल्या पगारात बाबांना घड्याळ. चांगलं नको, बरं.

२३ सप्टेंबर, रविवार

जुरोंग ईस्टचा हॉल खचाखच भरला होता. हे नमूद केलं पाहिजे.

पहिला अंक: ट्रे घेऊन उभा. उत्तम. कोणाचंही माझ्याकडे लक्ष नाही, म्हणजे लपवणं यशस्वी.

दुसरा अंक: स्टेजवरचे दिवे फार गरम असतात. मला घाम आला. घामाचं नाटकात कुठे लिहिलेलं नव्हतं. मालकांच्या पाया पडायचा प्रसंग आला, वाकलो, आणि कमरेत कट् असं काहीतरी झालं. मणका असेल असं वाटलं. मणकाच असता तर बरं झालं असतं.

तिसरा अंक. माझी वेळ. बंडीखाली हात घातला, आजोबांनी सांगितल्याप्रमाणे एका झटक्यात ओढलं. हातात फक्त मूठ आली. पांढऱ्या लेंग्यावरून काळा ओघळ गुडघ्यापर्यंत गेलेला मला तेव्हा दिसला. लोकांना बहुतेक बऱ्याच वेळापासून दिसत होता. आणि नळी लेंग्यातून घसरत घोट्याशी आली, बाहेर पडली, स्टेजवर घरंगळत गेली आणि अगदी कडेला थांबली. तुटलेली बाजू प्रेक्षकांकडे. आतून पांढरी, गुळगुळीत.

मी डगमगलो नाही. मूठ रोखून धरली आणि वाक्य म्हटलं, अक्षर न् अक्षर बरोबर.

"कोणीही जागचं हलायचं नाही."

कोणी हललंही नाही. तेवढ्यात विंगेतून विनीताचा आवाज आला. ओरडली नाही. बाजारात आपली हरवलेली छत्री दुसऱ्याच्या हातात दिसल्यावर बाई बोलते तशी बोलली.

"हा माझा उंदीर आहे."

त्यानंतर जे हसणं झालं तसं मी कधी ऐकलेलं नाही. खुर्च्या वाजत होत्या. निशिकांतचा खुनी खून करायचा विसरून हसत होता. रहस्य काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. माझ्यामुळे नाटक जमलं, हे निशिकांत कधी मान्य करणार नाही.

हसत नव्हते फक्त काका. ते उठले, स्टेजच्या कडेवरची नळी उचलली, अंगठ्याने रंग पुसून बघितला, खिशातला स्वच्छ रुमाल काढला, त्यात ती गुंडाळली आणि खाली बसले.

गाडीत ताईने तोंड खिडकीकडे केलं. दाजी बोलले, पण रेडिओशी.

२४ सप्टेंबर, सोमवार

काकांचा फोन आला. ताईला. तिने स्पीकर लावला, माझ्याकडे न बघता. काका रागावलेले अजिबात नव्हते. आधी ताईच्या मोदकांचं कौतुक केलं. पोरगा गमतीशीर आहे म्हणाले, वाक्यही शेवटी बरोबर म्हणाला. मग म्हणाले,

"पण उर्मिला, आमच्या बोटींवर सगळं गुंडाळून ठेवलेलंच असतं गं. आणि सगळं दुसऱ्याचं असतं."

यात नकार कुठे आहे ते मला कळलं नाही. ताईला कळलं. तिने फोन ठेवला आणि विमानाच्या तिकिटाचं बघायला बसली.

रात्री भारत-पाकिस्तान फायनल. रिमोट दाजींच्या मांडीखाली होता.

२५ सप्टेंबर, मंगळवार. अनंत चतुर्दशी

सकाळी ताईने पिस्तुलाचे तुकडे माझ्यापुढे ठेवले. काकांनी रुमालातली नळीसुद्धा पाठवून दिली होती. वर वाडग्यात पाणी. म्हणाली, गणपतीची माती आहे, कचऱ्यात जाणार नाही, विसर्जनाआधी उंदीर करून दे.

केला. बसल्या जागी, न उठता. काळपट झाला, शेपूट नळीसारखी सरळ राहिली, कान दोन्ही आहेत. संध्याकाळी काकांच्या काँडोत मोठ्या टबात विसर्जन. विनीताने सुपारी उचलली आणि उंदीर तिथे ठेवला. मला म्हणाली, बरा झालाय. तो गणपतीशेजारी असेल आरतीपुरता. मग काकांनी गणपती बुडवला आणि उंदीर माझ्याकडे दिला.

हातातून सुटल्यावर लगेच विरघळला. पाण्यात थोडा काळा धूर.

शेवटपर्यंत केलेली पहिली गोष्ट. याची नोंद कोणी घेतली नाही, म्हणून मी घेतोय.

३० सप्टेंबर, रविवार. विमानतळ

ताई पोचवायला आली होती. बाबांसाठी पिशवी दिली. दाजींनी हात मिळवला आणि सवयीने माझ्या कमरेकडे बघितलं.

हा देश मला जमला नाही. फार चकाचक. कराडला पोचलो की काहीतरी बघतो. मातीकामाला कोकणात बराच स्कोप आहे असं ऐकतो. किंवा नाटक. किंवा ऑक्टोपस.

सिक्युरिटीला यंत्र वाजलं. बेल्टचं बक्कल असावं. त्यांनी बाजूला घेतलं, हात वर करायला लावले आणि बगलेपासून घोट्यापर्यंत नीट चाचपलं. कंबर दोनदा.

काहीही सापडलं नाही.