दादाचा बोर्ड

वडगाव रासाई, गुरुवार, संध्याकाळ

आजही सर्किट बोर्ड सुरू होताना त्याच ओळीवर थांबला. प्रोसेसर अनोळखी आहे, एवढंच स्क्रीनवर येतं.

दादा गेला तेव्हा हेच काम अर्धं राहिलं होतं. कंपनीचा नवा प्रोसेसर, जुन्यासारखाच पण थोडा बदललेला. त्याची ओळख कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, घालायची. मी त्याच कंपनीत, पण टेस्टिंगला. कर्नलच्या कोडला मी कधी हात लावलेला नाही.

दहाव्याला भीमेवर कावळा पिंडाला शिवेना. मामा म्हणाले, "तुझ्या पोरीचं शिक्षण आम्ही करू म्हणावं." वडील म्हणाले, "ऊस येळंवर कारखान्याला घालतो म्हणा." मागून कुणीतरी बोललं, "त्याला कवा उसाची काळजी व्हती!" दोघंतिघं हसलेही. मग मी मनातच म्हटलं, दादा, तुझा बोर्ड मी सुरू करतो. कावळा उतरला आणि शिवला. योगायोग असेल. मला तसं मानता येत नाही.

दुपारी साहेबांचा फोन आला. हा प्रोसेसर कंपनी बाजारात आणणारच नाही, बोर्ड परत पाठवून दे. म्हणजे आता तो सुरू झाला तरी कुणाला हवा आहे? आणि दादाला काय सांगू?

मघाशी वडील दारात येऊन उभे राहिले. "झाला का रं चालू?"

"होईल, आप्पा."

"त्याला जमलं असतं," एवढंच म्हणून ते गेले.

परत पाठवायला खोकं आणून ठेवलंय. भरण्याआधी एकदा वायर लावली. त्याच ओळीवर थांबला. खोकं टेबलाखाली सरकवलं आणि पुन्हा लावली.