मोजणीची वेळ

दुमागेते, १२ ऑगस्ट

प्रिय मनांग सेलिया,

कशी आहेस? तू माझे मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागद. मी बरी आहे. वर्षभरात हे तिसरं गाव. घरमालकिणीच्या बकरीने माझी एक चप्पल खाल्ली, बाकी ठीक.

सांगायचंय ते कामाचं. इलोइलोच्या बोट कंपनीत आपण दोघी बहिणी ज्या फुकटच्या, सगळ्यांना खुल्या डेटाबेसवर काम करायचो, त्यात मी एक दुरुस्ती सुचवलीय. हसू नकोस. त्याचा प्लॅनर कामाची वाट ठरवतो ती टेबलात किती ओळी असतील या अंदाजावर, आणि अंदाज धरतो मागच्या मोजणीचा. नंतर टेबल कितीही फुगो, हा आपला जुन्याच आकड्यावर. मी म्हटलं, फाइलने आत्ता डिस्कवर किती पानं अडवलीत ते बघ, एका पानात किती ओळी मावतात त्याने गुण. एवढंच. निम्मा कोड तीनदा पुसला.

दुरुस्ती तपासणारे एक आजोबा आहेत. त्यांनी सगळ्यांना दिसेल असं विचारलं, "कल्पना बरी आहे. पण खऱ्या कामात हे तुला कुठे नडलं?"

तीन आठवडे मी उत्तर पुढे ढकललं. मधे सिकिहोर बेटावर पोहूनसुद्धा आले. पाणी छान होतं.

वादळानंतरचा तो सोमवार आठवतो ना? तीन दिवस बंदर बंद, मग एकदम बारा हजार प्रवासी. तिकीट खिडक्यांवरचे संगणकाचे पडदे गोठले. बाकोलोदची बोट अर्धी रिकामी सुटली, लोक धक्क्यावर ओरडत राहिले. आपले साहेब, सुमागायसाय सर, आपल्या खोलीत आले.

"प्रवासी शोधणारी ही क्वेरी कोणाची?"

"मनांगची," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

तू माझ्याकडे वळलीस. "इंदाय, प्लॅनरला प्रवाशांच्या यादीचं टेबल रिकामं वाटतंय. मोजणी कधी झाली?"

"रोजच्यासारखी, दुपारी."

"नक्की ना गं?"

"नक्की! आता माझ्यावर ढकल."

त्याच आठवड्यात तुला काढलं.

मनांग, दुपारी मोजणी सुरू झाली की पडदे मंदावायचे आणि तिकीट खिडकीवरचा बोंग माझ्या नावाने बोंबलायचा. म्हणून आदल्याच आठवड्यात मी वेळ बदलून पहाटेची केली होती. कालची यादी पहाटे पाचला रिकामी होते, हे डोक्यातच आलं नाही. मोजणीत आलं शून्य. रोजच्या आठशे प्रवाशांत ते खपलं. त्या सोमवारी प्लॅनर एकेका प्रवाशासाठी बारा हजारांची यादी वरून खालपर्यंत वाचत बसला.

संध्याकाळी मी वेळ गुपचूप परत दुपारची केली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून सगळं सुरळीत. सर म्हणाले, "बघ, सेलियाची क्वेरी काढली आणि कसं पळतंय!" मी मान डोलावली. महिन्याभरात नोकरी सोडली. माझं बूड कुठे टिकत नाही असं आई सगळ्यांना सांगते, ते मला सोयीचं पडलं.

काल आजोबांना उत्तर लिहिलं. सगळं, माझ्या नावानिशी. तेच सरांनाही पाठवलं, सेलियाची क्वेरी बरोबर होती असं स्पष्ट लिहून. दुरुस्ती घेतील की नाही, माहीत नाही. तुला परत बोलावतील की नाही, तेही नाही. तू आता शाळेत टायपिंग शिकवतेस असं आई म्हणाली.

तू विचारलं होतंस, त्याला चौदा महिने झाले. मोजणी पहाटे पाच दहाला झाली. वेळ मी लावली होती.

तुझी धाकटी,
इंदाय जोव्हेल