वाळूतलं तेल लांबणीवर

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज लिहिते. अक्षर दुसरीतलंच हाय, पुढे वाढलं नाय. आज मी खूश हाय आणि घरात ते कुणाला सांगता येत नाय, म्हणून तुला.

माझी नात, लेकाची लेक, इंजिनेर झाली. कॉम्प्युटरवर पाइपांची चित्रं काढते. कंपनी तिला दोन वर्षं कॅनडाला धाडणार होती. तिकडे म्हणे वाळूतच तेल असतं, डांबरासारखं चिकटलेलं, गरम पाणी मारून सोडवायचं. मी म्हटलं, "आमच्या गव्हाणच्या खाडीला मेलं नुसतं मीठच!" लोकरीचे मोजे आणले, बॅग भरली. मी सुके बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळून घातले, तर तिनं वासावरनं शोधून काढले. "आजी, विमानातून खाली उतरवतील मला!" आणि परवा निरोप आला. तेलाचा भाव पडला, काम पुढे ढकललं. कधी सुरू होणार ते कुणी सांगत नाय.

पोरगी दार लावून बसली. मी पनवेलच्या बाजारात जाऊन चिंबोऱ्या घेऊन आले. सून म्हणते, "आई, ते हसू जरा आवरा. पोर रडतेय तिकडे." मी म्हटलं, "कुठे हसते? कवळीच तशी बसवलीय डॉक्टरनं."

आज दुपारी मी तांदूळ निवडत होते, तर ती येऊन टेकून बसली. "आजी, तिकडेच दुसऱ्या कंपनीत जागा निघालीय. अर्ज करू? आज संध्याकाळपर्यंतच घेणार आहेत." लहानपणापासून माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली, मी हो म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाय. मी म्हटलं, "घाई काय हाय ग? पुढच्या वर्षी जाशील." ती उठून खोलीत गेली.

माझा हात सुपातच राहिला. हे तर तुझं बोलणं, बाबा. मिठागरावर तू फावडं टेकून उभा हायस, धाकटा भाऊ माझ्या कडेवर, आणि मी विचारते, शाळेत परत कधी जाऊ? "या वर्षी याला सांभाळ. पुढच्या वर्षी घालतो." पुन्हा विचारलं तर ओरडलास, "एकदा सांगितलं ना!" आणि त्याच आठवड्यात नवी पाटी आणून दिलीस. किती दिवस मी ती पुसून ठेवायचे. मग आईनं ती माठावर झाकण म्हणून ठेवली, तवाबी तू काय बोलला नायस.

मला वाटायचं, तू विसरलास. आज वाटतं, विसरला नव्हतास. तू कामावरनं यायचास तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असायचे, ते तुला आवडत असणार. मलाबी आवडतं, ती संध्याकाळी ऑफिसातनं आली की आधी माझ्या खोलीत डोकावते ते.

तिला सांगायचंय, कर ग अर्ज, जा. नुसती हाक मारायची हाय, भिंतीपलीकडे तर बसलीय. चार वाजून गेले. आणि बाबा, खरं सांगते, तुझी आठवण आली म्हणून नाय लिहायला बसले. हाक मारायला तेवढाच उशीर व्हावा म्हणून बसले.