राखलेलं रान

६ नोव्हेंबर, कॉव्हेंट्री
बसमध्ये असताना बारकीचा फोन. रडत होती. भावाची ही पोर आणि माझे बाबा वर्षभर रानातल्या कंदांची, भाज्यांची नोंद करतायत. इथल्या युनिव्हर्सिटीचा रिपोर्ट त्यावरच. भाषांतर माझं. आता जंगलाचा साहेब तोच रिपोर्ट घेऊन गावात आला. "तुमच्याच पोरीने लिहिलंय, सरकारी राखीव जंगल. मग राखण तुमची कशी?" सगळं तोडून नुसता साग लावणार म्हणे.

पान अकरा उघडलं. बाबा टेपवर म्हणतात, 'राखलेलं रान'. मी लिहिलंय, रिझर्व्ह फॉरेस्ट. मीच! डेडलाइनच्या नादात शाळेतलं 'राखीव' बाबांच्या तोंडात कोंबलं. अक्कल गहाण ठेवली होती.

७ नोव्हें.
हेलनला सांगितलं. प्रोजेक्ट तिचा. "इट्स जस्ट वन वर्ड, लव्ह." पुढच्या एडिशनला फुटनोट टाकू म्हणे. वर चहा विचारते. नको तुझा चहा. तळपायाची आग मस्तकात.

९ नोव्हें., रवि.
बाबांना व्हिडिओ कॉल. कडूकंद खणत होते. खालचा कंद कापून घेतला, वेलासकट वरचा तुकडा परत मातीत ठेवून पायाने दाबला. मग बोलले.
"बाय, गुरं राखतो, पोर राखतो. मग पोर काय सरकारचं झालं?"
ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. बारकी मागून म्हणाली, "आत्या, बुधवारी रानाच्या हक्काची सुनावणी आहे. चूक तुमची होती, असं सहीनिशी लिहून दे."
'तुमची' म्हणाली. म्हणजे आता मी इकडची. राग आला, पण बरोबर आहे तिचं.

११ नोव्हें.
हेलन : "लेटरहेडवर नको. तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आहे, व्हिसाचा विचार कर." किती गोड आवाजात!
लेटरहेडवरच लिहिलं. इंग्रजी पत्र, पण 'राखलेलं' तेवढं देवनागरीत ठेवलं. खाली अर्थ, बाबांच्या शब्दांत, पोरासकट. चूक अनुवादकाची. सही. बारकीला पाठवलं, हेलनला कॉपी.

पाच मिनिटांत हेलनचं उत्तर. उद्या दहाला एचआरसमोर. सुनावणीही तेव्हाच, तिकडे साडेतीनला. दोन्हीकडे एकच विचारणार, हे कोणी लिहिलं?