तापलं की सांगा

६ फेब्रुवारी, गुरुवार

पायाच्या नखांना लेसर! माहेरी सांगितलं तर हसतील. पण दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाड झालीत, कडेनं भुगा पडतोय. डॉ. अरुंधतींनी खरवडून तपासलं — बुरशी. "दिवसभर पाय बुटात ना?" हो. कंपनीचे सेफ्टी शूज, आठ तास, ओव्हरटाइम असला की बारा. काविळीनंतर मला गोळ्या चालत नाहीत, म्हणून लेसर. चिंचवडला जायचं, दर चार आठवड्यांनी, सुट्टीच्या गुरुवारी.

डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. यंत्र टकटक करत नखावर फिरायला लागलं. "तापलं की सांगा, मी लगेच थांबते." मी वाट बघत राहिले. शेवटी त्याच थांबल्या. "काय सोसता हो तुम्ही! पुरुष माणसं पाय ओढून घेतात."

घरी येऊन अवधूतला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. म्हणाला, "आता माझी काही खैर नाही."

७ फेब्रुवारी

नखं तशीच. वर्ष लागेल म्हणे.

१९ फेब्रुवारी

डाव्या पायातलं जोडवं गेलं. सकाळी होतं, शिफ्ट सुटल्यावर बघते तर नाही. बूट झटकला, तर टण्णकन खाली पडलं.

आठ तास मी त्याच्यावर उभी होते. तळपायाला गोल खड्डा पडलाय, निळा-काळा. दाबून बघितला. दुखत नाही.

बरं झालं, दुखत नाही ते.

६ मार्च, गुरुवार

दुसरी बैठक. "तापतंय?" — नाही. त्यांनी थोडं वाढवलं. "आता?" — नाही. मग वास आला, केस जळल्यासारखा. मला वाटलं बाहेर कुणी कचरा पेटवलाय. डॉक्टरांनी झटकन यंत्र उचललं. "अहो, सांगायचं नाही का?"

काय सांगणार होते?

७ मार्च

अंगठ्याला पाण्यानं टरारलेला फोड. बुटात कधी फुटला, कळलं नाही.

१८ मार्च

दुसरी पाळी होती. कासारवाडी स्टेशनचा पूल उतरून नाशिक फाट्याला कंपनीची बस पकडायची, रोजचंच. भर दुपार. मागून एक बाई धावत, धापा टाकत आल्या. "अहो ताई! चप्पल!" त्यांच्या हातात माझी उजवी चप्पल. पुलाच्या त्या टोकाला पडलेली!

अख्खा पूल मी एका पायानं अनवाणी चालले. लोक सावलीतून सावलीत उड्या मारत होते, इतकं तापलेलं. आणि मी आपली शांत.

बसमध्ये बसल्यावर पायाकडे बघत राहिले. आपलाच आहे ना, असं वाटलं. अंगठा हलवून बघितला. हलला — पण जरा उशिरा.

२७ मार्च, गुरुवार

आज फार घाबरले. 

अवधूत कामावर, निशिगंधा शाळेत. मी एकटी. ओटा पुसून वळले, तर फरशीवर पावलं. लाल, ओली. हॉलमधून स्वयंपाकघरात आलेली. एकाच पायाची — एक ठसा, मग मोकळी फरशी, मग ठसा.

दाराला आतून कडी होती. मी बघून आले. लाटणं हातात घेतलं. "कोण आहे?" — माझाच आवाज मला ओळखू येईना. मोरीत कुणी नाही. गॅलरीत कुणी नाही. पलंगाखाली वाकून बघितलं. आणि परत आले, तर पावलं वाढलेली! मघाशी दारापाशी नव्हती, आता होती. गॅलरीत होती. पलंगापाशी होती. मी जिथं जिथं गेले तिथं कुणीतरी माझ्या मागून फिरलं होतं.

मग शेवटचा ठसा दिसला. माझ्या टाचेखाली.

बसून पाय उचलला. काचेचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, आत रुतलेला. सांडशीनं ओढून काढला. ओढताना काहीच वाटलं नाही. कुणा दुसऱ्याच्या पायातून काढावा तसा.

लेक यायच्या आत फरशी पुसून टाकली.

३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांना सगळं सांगितलं. लेसर त्यांनी चालूच केलं नाही. नायलॉनचा एक दोरा आणला, म्हणाल्या, बघत राहा. बोटावर टेकवला, दाबला. दोरा वाकला. मी बघत होते. वाकल्याचं दिसलं, टेकल्याचं कळलं नाही. तळवा, टाच, घोटा — पोटरीच्या मध्यावर आला तेव्हा कुठं "हं" म्हणाले.

"नखाचं राहू दे विजयश्री. आधी हे बघू." साखर तपासली. एकदम नॉर्मल. त्यांचा चेहरा मात्र उतरलेला. नसांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीय.

अवधूत रिक्षात माझा हात धरून बसला.

८ एप्रिल

रजा टाकून गेले. पायांना, हातांना वायरी लावून झटके दिले. डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे. पायांचं कमी विचारलं, कामाचं जास्त.

"नक्की काय करता?" — मशीनवरून आलेले छोटे पार्ट धुते. महाळुंगेला. "कशानं?" — लिक्विडनं. पूर्वीच्याला वास होता, दसऱ्यापासून नवीन आलंय. चांगलं आहे, भुर्रकन वाळतं. "खिडक्या?" — बंद. पार्टवर धूळ बसायला नको ना. "हातमोजे?" — पार्ट निसटतात म्हणून काढून ठेवतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

पायांच्या नसा मरत चालल्यात. बोटांच्याही सुरू झाल्यात. हे त्या लिक्विडमुळं असणार, त्याचं नाव-कागद घेऊन या म्हणाले. आता काम सोडलं तर हळूहळू परततील, बऱ्याचशा. उद्यापासून त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

उठताना म्हणाले, "तिथं एकट्याच बसता?"

आठ जणी, डॉक्टर.

९ एप्रिल

सुपरवायझर म्हणे उद्या बघू. मी खोलीत गेले नाही, कँटीनमध्ये थांबले. जेवणाच्या सुट्टीत साती जणी आल्या. बूट-मोजे काढायला लावले, डोळे मिटायला सांगितले. सगळ्या खिदळत होत्या. पदराची पिन काढली आणि पहिल्यांदा कौशल्याबाईंच्या अंगठ्याला टोचली. रक्ताचा थेंब आला. मग शेजारणीच्या. मग तिच्या शेजारणीच्या. सातवीपर्यंत गेले.

कौशल्याबाई डोळे मिटूनच हसत म्हणाल्या, "आगं टोच की आता! सुट्टी सपंल."