लेकीच्या घरचं पाणी

अवसरी बुद्रुक,
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

चि. सौ. हर्षाली,

नानाचे आशीर्वाद. अमृतरावांनाही सांग. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडीमुळे तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, त्यामुळे शेवटी तोच गप्प बसतो. कांद्याची लागवड उरकली. परवा मळ्याच्या कडेला पुन्हा बिबट्याचे पंजे उमटलेले दिसले, तेव्हापासून शेजारचे भगवंतराव फिरायला जाताना काठी आणि मला, दोघांना बरोबर नेतात.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा अमृतरावांनी उचलला आणि म्हणाले, "मामा, ती कामात हाय." संक्रांतीला तू आईशी अर्धा तास बोललीस. मी शेजारीच बसलो होतो, फोन काही माझ्या हातात आला नाही. माझी तक्रार नाही. कामं असतातच.

तुमच्या कच्छातल्या मांडवीची सहल आमच्या पक्षीमंडळाला फार मानवली. दोन दिवसांत एकसष्ट जातींची नोंद झाली. आपल्याकडे पाणथळ म्हणजे घोडनदीचा काठ आणि फार तर डिंभ्याचं धरण, आणि तिकडे एका अंगाला वाळवंट, दुसऱ्या अंगाला समुद्र. बारा जण होतो, त्यांतले निम्मे पक्ष्यांसाठी आणि निम्मे दाबेलीसाठी आले होते. भगवंतरावांनी किनाऱ्यावर भर उन्हात माकडटोपी घातली होती. खाडीत रोहित पक्ष्यांचा थवा होता, साताठशे तरी असतील. मिठागरांच्या बाजूला खेकडे खाणारा तो काळापांढरा पक्षीही दिसला, क्रॅब प्लोव्हर. तो एकच अंडं घालतो आणि पुढे कित्येक महिने पिल्लू आईबापाच्या मागे चोच वासून फिरतं.

हे सगळं मी तुझ्या घरी बसून तुला सांगितलंच आहे. चांगला अर्धा तास सांगितलं. एका अंड्याचं आणि पिल्लाचंसुद्धा. तू मान हलवत ऐकत होतीस. आपण काय बोललो ते मला गाडीत बसल्यावर कळलं.

आता संक्रांतीआधीच्या त्या शनिवारचं लिहितो. त्यासाठीच कागद घेतला आहे, आणि पान भरत आलं तरी मी पक्ष्यांवरच आहे.

तुम्ही मांडवीला गेल्याला पाच वर्षं झाली. पवनचक्क्यांच्या कामावर अमृतरावांची बदली झाली तेव्हा मी म्हणालो होतो, "एवढ्या लांब कोण येणार?" आणि खरंच आलो नाही. तुझी आई दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा गेल्या आषाढात आली, तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा. मी इथेच राहिलो, गाईंचं कारण सांगून. गाई सांभाळायला तेव्हा शेजारची सखूबाई तयार होती. मला तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटली, एवढंच खरं. त्याआधी चाकणला राहत असताना तुझं पहिलं पोटातच गेलं तेव्हाही मी तुझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. बाईमाणसांचा विषय म्हणून बाजूला झालो. म्हणून मंडळाने मांडवी ठरवली तेव्हा मी पहिलं नाव माझं दिलं. पक्षी बघायला येतोय म्हटलं की लेकीला बघायला येतोय असं म्हणावं लागत नाही.

दार तू उघडलंस. वाळलीस गं. गळ्यात दुर्बीण अडकवलेला म्हातारा बघून तू हसलीस, आणि मला वाटलं, सगळं ठीक आहे. स्वयंपाकघरातून मासवडीचा वास येत होता. मी आल्या आल्या जाहीर केलं की गाडी बाहेर थांबली आहे, ओहोटीची वेळ गाठायची आहे, तासाभरात निघणार. तू आत गेलीस आणि पेलाभर पाणी घेऊन आलीस. पेला माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, "नाना, आता तरी घ्या."

आणि मी म्हणालो, "नको, बाटली आहे माझी गाडीत."

चाकणला असताना हा आपला खेळच होता. लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, घासही घ्यायचा नाही, ही आपल्या घरची जुनी रीत. तू लग्नानंतर दारातच विचारायचीस, "नाना, बाटली आणली का?" आणि मी बाटली वर करून दाखवायचो. मग चाकणचं ते झालं आणि तू विचारणं बंद केलंस. मला ते कळायला हवं होतं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तू पेला आत घेऊन गेलीस. बराच वेळ आलीच नाहीस. मी अमृतरावांना रोहित पक्षी सांगायला लागलो, तू आलीस तेव्हा तुलाही सांगत राहिलो. जेवायलाही बसलो नाही. निघताना अमृतराव डबा घेऊन गाडीपर्यंत आले. म्हणाले, "मामा, दोन दिस झालं ती तयारी करत व्हती. रस्त्यात तरी खावा." रविवारी परतीच्या रेल्वेत डबा उघडला. भगवंतराव म्हणाले, "लई झ्याक, राव!" सगळ्यांनी मासवड्या खाल्ल्या. मीही एक वडी खाल्ली, खिडकीकडे तोंड करून. म्हणजे रीत मोडलीच मी. फक्त तू समोर नसताना मोडली.

सवयीने तोंडातून गेलं, असं मी घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलं. तुलाही तेच लिहिणार होतो. ते अर्धंच खरं आहे.

तुझ्या रत्नाआत्याला आणे पठारावरच्या गावात दिली तेव्हा मी चौथीत होतो. माझे वडील, आबा, तिला भेटायला जायचे तेव्हा तोंडाला फडकं बांधलेला पितळी तांब्या बरोबर न्यायचे. पठारावर आधीच पाण्याची बोंब, त्यामुळे तिच्या सासूला ते बरंच वाटत असावं. तिला मुलगा झाला त्या वेळी आबांनी मलाही नेलं होतं. उंबऱ्यात बसून त्यांनी तिच्या हातून तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला. पाणी मिशांवरून ओघळत होतं. म्हणाले, "लई ग्वाड हाय गं पोरी तुमचं पाणी." मचूळ होतं, मी प्यायलो होतो. आबांना मी त्याआधी रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मला तो तांब्या हवा होता, हर्षू. तुझ्या लग्नापासून मी त्या दिवसाची वाट बघत होतो. तू पेला पुढे केलास तेव्हा वाटलं, हे प्यायलो तर माझी आशा संपली असं होईल. म्हणून हात पुढे आला नाही. तुझ्याकडे बघून तुझी तहान-भूक विचारायची, तर मी माझी आशा सांभाळत बसलो.

तुझ्या आईने संक्रांतीच्या फोननंतर मला सांगितलं. डॉक्टरांनी आणखी एकदा बघू म्हटलं तरी तुम्ही दोघांनी आता मुलासाठी प्रयत्न नको असं ठरवलंय. आणि ते तू मला त्या दिवशी जेवताना स्वतः सांगणार होतीस, म्हणून दोन दिवसांची तयारी, म्हणून ते "आता तरी". ती मला म्हणाली, "तुमी मास्तर ना? पोरीनं हातात पाणी दिलं, त्ये घ्याया येत न्हाई? पोटात लेकरू न्हाई म्हून ती तुमची लेक न्हाई का?"  

तुमचं ठरवणं बरोबर आहे. माझ्या मताला कुणी विचारलेलं नाही, तरी लिहितो. तुझ्या जिवापेक्षा मला काही मोठं नाही. हे वाक्य मी आषाढात येऊन बोलायला हवं होतं. आता उशिरा बोललं की समजूत घातल्यासारखं वाटतं.

मंगळवारी मंचरला संगणकाच्या दुकानात जाऊन रेल्वेचं तिकीट काढून घ्यायला बसलो. दुकानातल्या मुलाने तारीख विचारली आणि मला सांगता येईना. येऊन काय करणार? पाणी दे म्हणणार? तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मी पिईन. पण ते दया केल्यासारखं होईल, आणि कोण कुणावर दया करतंय तेही कळणार नाही. त्या शनिवारी जो पेला होता तो पुन्हा नाही. तारीख न सांगताच उठलो. पोरगं म्हणालं, "काय झालं, गुरुजी?"

घरी आल्यापासून मला काही सुचत नाही. तुझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, तुमचं तुमी बघा. कधी नव्हे ती मला एकटं सोडून बसली आहे.

उत्तर नाही दिलंस तरी मी समजून घेईन, असं शेवटी लिहिणार होतो. बापाने तसंच लिहायचं असतं. पण ते खोटं आहे. मला नाही समजून घेता येणार. रागाने लिही, चार शब्द लिही, नुसतं 'नाना' लिहून पाठव.

पण लिही.

तुझा
नाना