आईचा फोन बंद का होता

डोंबिवली पश्चिम,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय सलिलदादास,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही तिघं बरे असाल. माधवीवहिनीची पाठ आता कशी आहे? सान्वीची परीक्षा जवळ आली असेल. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचं बीपी गोळीनं आटोक्यात आहे, गुडघे मात्र तिचं ऐकत नाहीत. दिवाळीला तू पाठवलेला सुक्यामेव्याचा डबा पोचला. तेव्हाच कळवायला हवं होतं, राहून गेलं. काजू संपले, अंजिरं आमच्याकडे कोणी खात नाही.

पत्र बघून हसशील. ठाणं इथून अर्ध्या तासावर आणि ही बाई पाकिटाला तिकीट चिकटवून पत्र धाडते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. कागद निदान शेवटपर्यंत वाचावा तरी लागतो.

अठरा तारखेला तू आपल्या फॅमिली ग्रुपवर लिहिलंस, 'दोन दिवस लावतोय, आईचा फोन बंद. क्षिप्राने मुद्दाम बंद ठेवलाय. आईला आमच्यापासून तोडायचं चाललंय.' एवढं लिहून तू ग्रुपमधून बाहेर पडलास. मागे राहिले मी आणि तेवीस नातेवाईक. रमाआत्याचा नाशिकहून फोन आला. आवाज अगदी मऊ करून तिनं विचारलं की घरात काही वाद आहेत का. तिच्या आनंदनं 'मामीचा एक फोटो टाक ना' म्हणून लिहिलं, म्हणजे मी तिला कोंडून ठेवलेलं नाही ना याची खात्री. मी टाकला नाही. मला फार अपमान वाटला, दादा, अजून वाटतो.

फोन बंद होता हे खरं. कोजागिरीपासून बंद होता. तू लिहिलंस त्या दिवशी त्याला त्रेचाळीस दिवस झाले होते. त्यातले एक्केचाळीस दिवस तुला पत्ताही नव्हता. मधे दिवाळी झाली, भाऊबीज झाली. तू ग्रुपवर पणतीचं चित्र टाकलं होतंस, छान होतं.

बंद कसा पडला ते सांगते. खंडेनवमीला आई घरातली हत्यारं पुजते हे तुला आठवत असेल. विळी, सुरी, शिवणयंत्र, बाबांचे स्क्रू ड्रायव्हर. यंदा तिनं त्या ओळीत आपला मोबाईलही मांडला. मी हसले तर म्हणाली, सबंध दिवस कामाला येतं ते हत्यारच. फुलानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. चार्जरची पिन जाते तो फोनच्या बुडाचा पोर्ट, त्यात हे सगळं ओलं होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी चार्जिंग होईना तेव्हा तिनं मला न सांगता सुईनं कोरून काढलं. झालं, त्यानंतर वायर एका बाजूला वाकवून धरली तरच चार्जिंग व्हायचं. खलबत्त्यातल्या बत्त्याखाली दाबून बघितली, पुस्तकाखाली दाबून बघितली. चार दिवस ती जेवतानासुद्धा डाव्या हातानं वायर धरून बसायची. कोजागिरीला तेही थांबलं.

आता पुढचं. तू केलेला आरोप निम्मा खरा आहे, आणि हे मान्य करायला मला बारा दिवस लागले.

कोपर रोडच्या वळणावर रत्नदीपचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. कल्याणला कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला जाते-येते ती त्याच्या समोरूनच, दिवसातून दोनदा. पोर्ट बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण माझ्या फोनचा त्यानंच बदललेला आहे. तरी मी आईचा फोन नेला नाही.

नेला नाही, कारण मला बरं वाटत होतं. तुझा फोन रविवारी अकराला यायचा. आई दहालाच पूजा उरकून, इस्त्रीची साडी नेसून बसायची. फोनवर साडी दिसत नाही हे तिला कोण सांगणार! मग अकराचे बारा झाले, दर रविवारचा एकाआड एक झाला, पुढे महिन्यातून एकदा, तोही चार मिनिटं. पण त्या चार मिनिटांवर ती आठवडा काढायची. सलिलला खोकला वाटतो, सलिल दमलेला वाटतो, सलिलनं विचारलं की जेवण वेळेवर होतं का. ते जेवण मी वाढते, दादा. आणि ज्या रविवारी फोन यायचा नाही त्या दिवशी भाजी खारट, पंखा मोठा, मी दार आपटलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. आमच्याकडे दोघंही तिचीच, तरी कार्टं मीच. फोन बंद पडला आणि माझे रविवार माणसासारखे जायला लागले. थोडे दिवस तुझं नाव ऐकायचं नव्हतं मला. हे माझं पाप, लिहून दिलं.

एवढंच असतं तर मी तुझी माफी मागून गप्प बसले असते. पण कोजागिरीच्याच आठवड्यात, मनाची नाही तरी जनाची म्हणून, मी आईला म्हटलं होतं की फोन दे, रत्नदीपकडे टाकते. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे गं. चालू असतो तेव्हा त्याचा फोन येत नाही हे दिसतं. बंद आहे तर, करत असेल बिचारा, लागत नसेल, असं म्हणता तरी येतं."

तिनं तो बंद फोन पदरानं पुसला आणि देवाजवळच्या फळीवर ठेवला. शेजारच्या आवडाबाई अधूनमधून मुद्दाम विचारतात, मुलाचा फोन येतो का? आई त्यांना सांगायची, अहो तो रोज लावतो, माझंच यंत्र बिघडलंय. सांगताना ती खूश असायची. भाऊबीजेला तू आला नाहीस, तेव्हाही, कळवायला त्यानं लावला असेल, लागला नसेल, असं सांगून तिनं तुझी बाजू राखली. एक्केचाळीस दिवस तुझ्यासारखा मुलगा साऱ्या बिल्डिंगमध्ये नव्हता.

मग तुझा तो मेसेज आला आणि माझं डोकं फिरलं. एकोणीस तारखेला सकाळी आईला न विचारता मी फळीवरचा फोन उचलला आणि रत्नदीपपुढे नेऊन टाकला. तो खाडीकाठच्या जुन्या गावातला, कोळ्यांचा, बोलायला तिखट. त्यानं भिंगाखाली धरला, चिमट्यानं काहीतरी उकरलं आणि म्हणाला, "ताई, कुंकू भरलंय यात. तांदूळपण निघाला बघा. वरून कोणीतरी सुई घातलेली, पिना सगळ्या वाकल्यात." दसऱ्यानंतर असे दोन-तीन फोन येतातच म्हणे त्याच्याकडे, लोक मात्र चार्जरला शिव्या देतात. त्यानं नवा पोर्ट बसवून दिला. मी जुन्याचा फोटो काढला, कुंकवासकट, आणि तिथूनच ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, हातच्या काकणाला आरसा कशाला. तुलाही वेगळा पाठवला. रत्नदीपच्या दुकानात उभं राहून मी तेवीस नातेवाइकांसमोर जिंकले, आणि मला त्याचा आनंद झाला होता.

घरी येऊन फोन आईच्या हातात दिला. स्क्रीनवरचा उजेड बघून तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, न विचारता नेला म्हणून रागावली. ती एवढंच म्हणाली, "केलास का शेवटी?"

त्याच संध्याकाळी तुझा मला मेसेज आला. कुठल्याशा अर्जाला आईचं आधार जोडायचंय, तिच्या फोनवर ओटीपी येईल तो पाठव. म्हणजे दोन दिवस लावत होतास ते यासाठी! आईचा फोन टुणकन वाजला. तिला वाटलं तूच. तिनं चष्मा शोधला, सहाच्या सहा आकडे दोनदा मोठ्यानं वाचले, एकेक सावकाश, चुकायला नको म्हणून, आणि मग मला विचारलं की आता करेल ना तो. मी म्हटलं, करेल. तुला आकडे पाठवले. तू अंगठा पाठवलास.

त्याला आज अकरा दिवस झाले. फोन चालू आहे हे तुला माहीत आहे, त्यामुळे लागत नव्हता असं तू म्हणू शकत नाहीस. तीही म्हणू शकत नाही. आवडाबाईंनी परवा जिन्यात विचारलं तर आईनं गॅसवर दूध आहे असं सांगितलं आणि घरात आली. गॅसवर काही नव्हतं.

दोन्ही रविवारी ती साडी नेसून बसली. आज साडेअकराला तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, तुझ्या फोनवरून मला लाव बघू, नवा भाग नीट बसलाय ना त्याचा. मी समोर उभी राहून लावला. तिच्या मांडीवर तो खणखणीत वाजला. तिनं पूर्ण वाजू दिला, उचलला नाही.

"वाजतो की गं," ती म्हणाली.

मग साडी बदलायला आत गेली. मी बाहेर उभी होते आणि मला तुझा इतका राग आला, आणि माझाही. भांडण तुझं-माझं, आणि त्यात मी तिची सबब काढून घेतली. फोन बंद राहू दिला यात माझा आळस होता, थोडा खुनशीपणाही होता, पण तिला त्याचं दुःख नव्हतं. चालू केला तेच चुकलं माझं.

आईनं तुम्हां तिघांना आशीर्वाद सांगितलेत. ती रोज सांगते, तुझ्यापर्यंत पोचवणारं कोणी नसतं. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही.

येत्या रविवारी अकराला तिला फोन कर. चार मिनिटं पुरतात तिला. करणार नसशील तर मला आधी तसं कळव, म्हणजे मी पोर्ट पुन्हा बिघडवून ठेवीन.

तुझी धाकटी बहीण,
क्षिप्रा